२८व्या दिवसाचं गणित : ट्रान्सप्लांटनंतरचा जीव्हीएचडी आणि स्टिरॉइडला प्रतिसाद

कृष्णाकाठ | ८ जून, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामासाठी आले आहे.

माझ्या धाकट्या भावाला (वय ३४) एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. ३ मे रोजी त्याचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. डोनर मीच. सख्ख्या भावंडांत पूर्ण मॅच व्हायची शक्यता चारात एक, ती आमच्या नशिबी होती. रक्तपेशींचे काउंट्स वेळेवर वर आले, डिस्चार्ज मिळाला, आणि घरी आल्यावर आठ दिवसांत तळहातांवर आणि कानांमागे लाल पुरळ. मग लूज मोशन. ३१व्या दिवशी, म्हणजे ३ जूनला, पुन्हा भरती. निदान : अक्यूट जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींनी रुग्णाच्याच अंगावर केलेला हल्ला, ग्रेड ३. त्याच दिवशी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं, वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे रोज साधारण १२०.

आज पाचवा दिवस. पुरळ फिकं झालंय. पोट मात्र ऐकत नाही. नर्स रोज जुलाब मोजून लिहितात : पहिल्या दिवशी १२०० मिलि, आज १४००. राउंडला आलेल्या ज्युनिअर डॉक्टरांना मी विचारलं, "बरा होईल ना?" ते म्हणाले, "ताई, २८व्या दिवशीचा रिस्पॉन्स बघू. त्यावर पुढचं सगळं आहे." आणि पुढच्या खोलीत गेले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात २८ हा आकडा बसलाय. हा २८ आला कुठून? तोपर्यंत पोट थांबलं नाही तर काय? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. धीराचे शब्द खूप मिळतात, ते नकोत.

---

गल्लीबोळ | ९ जून, सकाळी ७:१५

काळजी घ्या, ताई. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

---

नीरक्षीर | ९ जून, दुपारी १:०५

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे, सध्या इंग्लंडात असते. भावाची फाइल पाहिलेली नाही, तेव्हा त्याच्या उपचारांबद्दल बोलणार नाही. २८ कुठून आला एवढं सांगते.

तुमच्या पेशींबरोबर तुमच्या टी-पेशीही त्याच्या अंगात गेल्या. त्या शिपाई आहेत, परकं दिसलं की तुटून पडतात. भावाची त्वचा, यकृत आणि आतडं त्यांना परकं वाटतं, म्हणून हे तीनच अवयव मुख्यतः भाजून निघतात. (याच शिपायांनी उरलासुरला ल्युकेमियाही मारायचा असतो, त्यामुळे त्यांना पुरतं झोपवूनही चालत नाही. सगळी कसरत तिथेच आहे.)

स्टिरॉइड हा पहिला उपाय, आणि त्याने साधारण निम्म्याच रुग्णांना टिकाऊ गुण येतो. बाकीच्यांचं काय होणार हे लवकरात लवकर ओळखायचं कसं, हा जुना प्रश्न. २०१० मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने ८६४ रुग्णांची नोंद तपासली. स्टिरॉइड सुरू केल्यापासून १४वा, २८वा, ५६वा असे निरनिराळे दिवस लावून पाहिले. २८व्या दिवशीचा प्रतिसाद पुढच्या मृत्यूच्या धोक्याशी सर्वांत नीट जुळला. त्या दिवशी ज्यांना अजिबात गुण नव्हता, त्यांना ल्युकेमिया न उलटताही दोन वर्षांत दगावण्याचा धोका गुण आलेल्यांच्या पावणेतीन पटींच्या आसपास होता. तेव्हापासून जगभरच्या औषधचाचण्यांत २८वा दिवस हा मैलाचा दगड झाला.

"गुण" कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. सगळ्या अवयवांची लक्षणं गेली तर पूर्ण प्रतिसाद. एका तरी अवयवात एक पायरी सुधारणा आणि दुसरा कुठलाही बिघडलेला नाही, तर अंशतः. पोटाच्या पायऱ्या मोठ्यांसाठी अशा : दिवसाला ५०० मिलिच्या आत शून्य, ५०० ते ९९९ पहिली, १००० ते १५०० दुसरी, त्यावर तिसरी. तीव्र पोटदुखी, आतडं ठप्प होणं किंवा शौचात उघड रक्त दिसणं ही चौथी. नर्स उगीच मोजत नाहीत.

आता महत्त्वाचं. २८ दिवस वाट बघायची असते असा याचा अर्थ नाही. तीन ते पाच दिवसांत आजार स्पष्ट वाढला, किंवा आठवड्यात काहीच हललं नाही, तर त्याला स्टिरॉइड-रिफ्रॅक्टरी, म्हणजे स्टिरॉइडला दाद न देणारा, धरतात आणि दुसरं औषध सुरू करायचा विचार तेव्हाच होतो. उद्या सातवा दिवस. मुख्य कन्सल्टंटना गाठून हाच शब्द वापरून विचारा : "हे रिफ्रॅक्टरी धरताय का? धरत असाल तर पुढे काय?"

---

आजोबांचा_बटवा | ९ जून, दुपारी ४:३०

स्टिरॉइड हे विष आहे हे सगळे जाणतात. प्रतिकारशक्ती वाढवा, आजार आपोआप पळेल. रोज सकाळी गुळवेलीचा काढा, दुपारी पपनसाचा रस. आमच्या शेजाऱ्यांना चौथ्या दिवशी गुण आला.

---

नीरक्षीर | ९ जून, दुपारी ४:५२

कृष्णाकाठ, हे करू नका. इथे प्रतिकारशक्तीच बेभान झाली आहे, ती आणखी वाढवायची नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. भावाच्या यकृतावर आधीच टांगती तलवार आहे. आणि पपनस, ग्रेपफ्रूट ही फळं ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात त्या टॅक्रोलिमससारख्या औषधांची रक्तातली पातळी भलतीकडे नेतात.

बटवा, शेजाऱ्यांना जीव्हीएचडी होता का?

---

आजोबांचा_बटवा | ९ जून, सायंकाळी ६:१०

मूळव्याध होती. पण तत्त्व एकच.

---

संपादक | ९ जून, सायंकाळी ६:४०

औषधोपचाराचे सल्ले या धाग्यावर नकोत. बटवा, तुमचा काढ्यांचा स्वतंत्र धागा आहे, तिथे लिहा.

---

मध्यगा | ९ जून, रात्री ९:२०

निवृत्त प्राध्यापिका, विषय संख्याशास्त्र. डॉक्टरीणबाईंनी छान समजावलंय, पण त्या पावणेतीन पटीकडे कसं बघायचं यावर चार शब्द लिहिते. हा आकडा मनात घेऊन कृष्णाकाठ आज रात्री झोपणार नाहीत, असं मला दिसतंय.

समजा, आळंदीहून निघालेल्या वारकऱ्यांची कुणी नोंद ठेवली. वाखरीला ज्यांनी रिंगण पाहिलं त्यांतले जवळपास सगळे पंढरपुरात पोचले, आणि रिंगण न पाहिलेल्यांपैकी बरेच पोचलेच नाहीत. म्हणून रिंगण पाहिल्यामुळे माणूस पोचतो असं म्हणाल का? वाखरीला पोचायलाच पाय धड लागतात. जे वाटेत सासवडला की लोणंदला आजारी पडून घरी परतले, ते "रिंगण न पाहिलेले" या रकान्यात आपोआप गेले.

प्रतिसादाचं तसंच आहे. गुण दिसायला रुग्ण तोपर्यंत जगलेला असावा लागतो. १०व्या दिवशी जो गेला, तो "प्रतिसाद नाही" या रकान्यात पडतो आणि तो रकाना आहे त्यापेक्षा काळा दिसतो. कॅन्सरच्या संशोधनात ही चूक इतकी सर्रास व्हायची, की १९८३ मध्ये तीन संशोधकांनी त्यावर लेख लिहून उपाय सुचवला : एक दिवस नक्की करा, त्या दिवशी जे हयात आहेत त्यांचीच विभागणी करा, आणि मोजणी तिथून पुढे सुरू करा. २८वा दिवस हा असा ठरवलेला टप्पा आहे, म्हणून त्याला किंमत आहे. पण तो टप्पा आहे, कारण नव्हे.

आणि पावणेतीन पट म्हणजे तरी कशाच्या? ज्यांना गुण आला त्यांच्या धोक्याच्या. हा दोन गटांमधला फरक झाला. तुमच्या भावाच्या कपाळावर त्यातला कुठलाच आकडा लिहिलेला नाही.

---

तांबडीमाती | १० जून, सकाळी ६:३०

मी "प्रतिसाद नाही" वाल्या रकान्यातला. रत्नागिरीकडचा. २०१६ ला ट्रान्सप्लांट, डोनर मोठा भाऊ. पोटाचा जीव्हीएचडी, २८व्या दिवशी जैसे थे. तेव्हा रक्सोलिटिनिब ही गोळी या कामासाठी मंजूर झालेली नव्हती. मला दोन वेगवेगळी औषधं दिली, मग फोटोफेरेसिस : रक्त यंत्रात काढायचं, पांढऱ्या पेशींवर औषध आणि अतिनील प्रकाश सोडायचा, परत अंगात. अडीच महिने तोंडाने पाण्यापलीकडे काही नाही, सगळं टीपीएनवर, म्हणजे शिरेतून दिलेल्या अन्नावर.

आज कलमं लावतो, खतं टाकतो. कातडी कोपरांपाशी आवळलीय, डोळ्यांत दिवसातून सहा वेळा थेंब घालतो. ते जन्माचं. पण आहे.

ताई, एक व्यवहाराचं. मिलिचा आकडा एक दिवसाचा बघू नका, तीन दिवसांचा बघा. माझा आकडा एकदा ९०० वर आला म्हणून आईने देवाला नारळ फोडला, दुसऱ्या दिवशी १७००. नारळवाल्याची चंगळ.

---

कृष्णाकाठ | १० जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. मध्यगाताई, खरंच झोपले नव्हते.

आज सातवा दिवस, १६०० मिलि. कन्सल्टंट बाईंना नीरक्षीर यांनी दिलेला शब्द वापरून विचारलं. त्या दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्या. वीस मिनिटं बोलल्या. काल कोलोनोस्कोपीतून आतड्याचा तुकडा काढला होता, त्यात जीव्हीएचडी पक्का, सीएमव्ही विषाणू नाही. आजपासून रक्सोलिटिनिब १० मिलिग्रॅम दोन वेळा. स्टिरॉइड लगेच बंद नाही, हळूहळू उतरवणार.

म्हणजे पहिली परीक्षा नापास. आता २८ पुन्हा एकपासून मोजायचे का?

---

नीरक्षीर | ११ जून, सकाळी ११:३०

नव्या औषधाचं मोजमाप नव्या औषधापासून, म्हणजे ८ जुलै. चाचण्यांतही तसंच मोजतात. तुकडा तपासला हे फार बरं केलं. सीएमव्हीचे जुलाब आणि जीव्हीएचडीचे जुलाब बाहेरून सारखेच दिसतात, उपचार मात्र जवळजवळ उलटे.

रक्सोलिटिनिबला अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०१९ मध्ये याच परिस्थितीसाठी मान्यता दिली. २०२० मध्ये रीच-२ या चाचणीचे निकाल आले : ३०९ रुग्ण, सगळ्यांचे स्टिरॉइड फसलेले. अर्ध्यांना हे औषध, अर्ध्यांना डॉक्टर निवडतील ते दुसरं. २८व्या दिवशी प्रतिसाद ६२ टक्के विरुद्ध ३९ टक्के. ५६व्या दिवशी टिकून राहिलेला प्रतिसाद ४० विरुद्ध २२. प्लेटलेट पाडतं हा त्याचा मुख्य उपद्रव, तयारी ठेवा.

---

मध्यगा | ११ जून, दुपारी ३:००

याच चाचणीतला जगण्याचा आकडाही सांगा ना.

---

नीरक्षीर | ११ जून, सायंकाळी ५:४५

तुम्ही विचारणार हे माहीत होतं. :)

मध्यगा म्हणजे मेडियन आयुष्य रक्सोलिटिनिब गटात ११.१ महिने, दुसऱ्या गटात ६.५. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पक्का ठरत नाही. एक कारण असं, की दुसऱ्या गटातल्या रुग्णांना २८व्या दिवसानंतर गुण नसेल तर रक्सोलिटिनिबकडे जायची मुभा होती आणि बरेच जण गेले. माणुसकीच्या दृष्टीने ते बरोबरच, पण मग दोन गटांच्या जगण्याची तुलना धूसर होते.

---

मध्यगा | ११ जून, रात्री ८:१०

हेच म्हणायचं होतं. "गुण आलेले जास्त जगतात" हे एक विधान. "जास्त जणांना गुण आणणारं औषध जास्त जणांना जगवतं" हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही, ते वेगळं सिद्ध करावं लागतं. औषध कंपन्यांना पहिलं दाखवून दुसरं विकायला आवडतं.

याचं उदाहरण वाचलं होतं. लहान मुलांच्या जीव्हीएचडीसाठी डोनरच्या मॅरोतल्या मेसेनकायमल पेशींचं औषध. ५४ मुलं, २८व्या दिवशी ७० टक्क्यांना प्रतिसाद, पण शेजारी तुलनेचा गटच नाही. २०२० मध्ये अमेरिकी नियामकाच्या सल्लागार समितीने ९ विरुद्ध १ मतांनी बाजूने कौल दिला, तरी नियामकाने परत पाठवलं. २०२३ मध्ये पुन्हा परत. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता. चार वर्षांचा वाद मुळात याच प्रश्नावरचा, की २८व्या दिवसाच्या प्रतिसादाला किती वजन द्यायचं. जपानने त्याच जातीच्या पेशींच्या औषधाला २०१५ मध्येच हो म्हटलं होतं. नियामक कोण चुकला हे मी सांगणार नाही. मूल माझं असतं तर माझं संख्याशास्त्र किती वेळ टिकलं असतं, हेही नाही.

---

पाटपाणी | १२ जून, रात्री १:३०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझ्या नवऱ्याला स्टिरॉइडने दहाव्या दिवशी गुण आला. २८व्या दिवशी पूर्ण प्रतिसाद. वॉर्डमध्ये पेढे वाटले. पाचव्या महिन्यात फुफ्फुसात बुरशीचा संसर्ग झाला आणि तेरा दिवसांत गेले.

कृष्णाकाठ, तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. त्या पेढ्यांनंतर आम्ही सैल झालो होतो. घरात रंगकाम काढलं, गणपतीला माणसं बोलावली. तेव्हा कुणी सांगितलं असतं की स्टिरॉइड उतरत असतानाचे महिनेच जास्त जपायचे, तर मी रंगारी परत पाठवला असता. रंगाऱ्यामुळे झालं की नाही, कुणालाच माहीत नाही. मला ते रोज माहीत असतं.

---

नीरक्षीर | १२ जून, सकाळी ८:००

पाटपाणीताई, रंगाऱ्यामुळेच झालं असं कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. इतकी इम्युनिटी दाबलेल्या माणसाला ही बुरशी हॉस्पिटलच्या गाळलेल्या हवेतही गाठते.

पण तुम्ही सांगितलेला मुद्दा खरा आहे. जीव्हीएचडीत जे दगावतात त्यांतले बरेच थेट जीव्हीएचडीने जात नाहीत, दाबलेल्या प्रतिकारशक्तीत शिरलेल्या संसर्गाने जातात. म्हणून गुण किती आला याबरोबर किती स्टिरॉइड खर्चून आला हेही बघायचं. सौम्य आजारात, ग्रेड १-२ मध्ये, किलोमागे १ मिलिग्रॅमने २ इतकंच भागतं असं सिअॅटलच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं, त्यामागे हाच विचार होता.

---

गल्लीबोळ | १२ जून, दुपारी १२:२०

अडाणी प्रश्न. २८ दिवस थांबून कळतं, तर त्याआधी रक्त तपासून कळत नाही का?

---

नीरक्षीर | १२ जून, रात्री ९:००

अजिबात अडाणी नाही, अनेक संशोधक याच प्रश्नामागे आहेत.

आतड्याच्या आतल्या अस्तरात खोलगट खड्डे असतात, त्यांच्या तळाशी अस्तर नव्याने बनवणाऱ्या मूळपेशी. त्यांच्या शेजारी पॅनेथ पेशी, जंतूंना मारणारी प्रथिनं सोडणाऱ्या. त्यांतलं एक रेग-३-अल्फा. खड्डा उद्ध्वस्त झाला की ते रक्तात झिरपतं. दुसरं एसटी-२, ते दाह आणि टी-पेशींच्या धुमाकुळाबरोबर वाढतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधून चालणाऱ्या मॅजिक या गटाने या दोन आकड्यांचं एक सूत्र बांधलं. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं, की उपचारांच्या पहिल्या आठवड्यानंतर स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या रुग्णांतही या सूत्रावरून दोन वेगळे गट पडतात : एकाचं पुढे बरंच ठीक, दुसऱ्याचं अवघड. म्हणजे बाहेर जुलाब सारखेच, पण एकाच्या आतड्याचं बियाणं शाबूत आणि दुसऱ्याचं जळालेलं.

तांबडीमाती, तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. मुळं जिवंत असतील तर पालवी उशिरा का होईना फुटते. मी जिथे जिथे काम केलं तिथे मात्र ही चाचणी रोजच्या वापरात नव्हती.

---

तांबडीमाती | १३ जून, सकाळी ६:१०

कळलं. साल खरवडून बघायचं, आत हिरवं आहे का.

---

कृष्णाकाठ | १७ जून, रात्री ११:००

स्टिरॉइडचा १४वा, नव्या गोळीचा सातवा दिवस. तीन दिवसांची सरासरी (तांबडीमाती यांच्या आज्ञेवरून) ११०० मिलि. पुरळ गेलं. यकृताचं बिलिरुबिन नॉर्मल. पण प्लेटलेट १४ हजार, काल दोन पिशव्या चढवल्या. साखर ३१०, इन्सुलिन सुरू. मांड्या इतक्या बारीक झाल्यात की कमोडवरून उठवायला दोघं लागतात.

एक गंमत. त्याचा रक्तगट बी होता, माझा ओ. बाई म्हणाल्या, हळूहळू त्याचा ओ होणार. रक्ताची डीएनए तपासणी केली तर बाईचं रक्त म्हणून येईल. तो म्हणाला, "मग या राखीला ओवाळणी कुणी कुणाला घालायची?" तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी बोलला.

---

पाटपाणी | १८ जून, सकाळी ९:४०

पायांचे व्यायाम आत्तापासून, पलंगावर पडल्या पडल्या. फिजिओ आला नाही तर मागे लागा.

---

कृष्णाकाठ | १ जुलै, रात्री १०:३०

आज तो २८वा दिवस. स्टिरॉइडचा.

सरासरी ७०० मिलि. तिसऱ्या पायरीवरून पहिलीवर. ज्युनिअर डॉक्टर (तेच) फाइलवर "पीआर" लिहून गेले, पार्शल रिस्पॉन्स. पण ही पावती नव्या गोळीची, स्टिरॉइडच्या नावावर मांडता येणार नाही असं बाई म्हणाल्या. मधे रक्तात सीएमव्ही वर आला, त्याचं औषध सुरू आहे, त्याने काउंट्स अजून पडतात. एक सावरायला जावं तर दुसरं ढासळतं.

मला वाटलं होतं या दिवशी काहीतरी कळेल. सकाळी अंघोळ करून वगैरे गेले हॉस्पिटलात. पण रोजच्यासारखाच दिवस होता. त्याने दोन चमचे पेज खाल्ली, एक ओकला.

---

मध्यगा | १ जुलै, रात्री ११:०५

एक राहिला की.

---

कृष्णाकाठ | ८ जुलै, रात्री ९:४५

गोळीचा २८वा. ४२० मिलि, घट्टपणा आलाय. स्टिरॉइड (आता प्रेडनिसोलोन) ४० मिलिग्रॅमवर. प्लेटलेट स्वतःच्या ३२ हजार, पाच दिवस पिशवी लागलेली नाही. बाईंनी "पोट शून्यावर" एवढंच म्हटलं, आणि लगेच बुरशीच्या गोळीचं, मास्कचं, घरातल्या कुंड्या बाहेर ठेवण्याचं बोलायला लागल्या. पाटपाणी, मला तुमची आठवण झाली. पेढे आणलेले नाहीत.

---

नवखा_२२ | २ ऑगस्ट, दुपारी २:१५

जुना धागा वर काढतोय, माफ करा. पुतणीचं (वय ९, थॅलेसेमिया) ट्रान्सप्लांट झालं, आज २६वा दिवस, अंगावर पुरळ आलंय. डॉक्टर म्हणाले फक्त त्वचेवर आहे, ग्रेड १, मलम देऊन बघू. पोटाचं मोजायला आत्तापासून सुरुवात करावी का?

---

कृष्णाकाठ | २ ऑगस्ट, दुपारी २:४०

हो. मापाच्या खुणा असलेलं भांडं वॉर्डातून मागून घ्या, घरचं नको. लघवी वेगळी, नाहीतर आकडा चुकतो. वही घाला, तारीख वर लिहा. लहान मुलांच्या पायऱ्या वजनावर असतात, त्या तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि रात्री वाढलं तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, ड्युटीवर असेल त्याला उठवा.

मी आहे इथे. भाऊ शेजारीच आडवा झालाय, त्याला विचारून सांगते मलम कुठलं होतं ते.